साखर पेठेतलं बोलावणं

१० जानेवारी १९७४, गुरुवार

काल रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. संगी झोपली, हे झोपले, मी आपली पत्र्याकडं बगत पडली. कारण लिवायला बी लाज वाटती. कारण म्हंजे भाकरीचं फडकं.

रोज सकाळी ह्यास्नी कचेरीत न्यायला भाकरी बांधून देती. चार कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक कांदा. सांजच्याला फडकं परत येतं ते चटणीचं डाग पडलेलं, चुरगाळून खिशात कोंबलेलं. आठ दिवस झाले, हे म्हणत्यात, "आठ बांध." आणि काल फडकं आलं ते धुतलेलं. वाळवलेलं. चार घड्या घातलेलं. एका कडंला उसवलं हुतं तितं बारीक टाके घातलेले.

बाप्या माणूस फडकं धुतो व्हय? टाके घालतो व्हय?

मी इचारलं, "फडकं कुणी शिवलं?"

हे म्हणले, "कुटलं फडकं?" आणि संगीला खांद्यावर घिऊन भायेर गेले.

टाके लई चांगले हायेत. माझ्यापेक्षा चांगले. तेच जास्त जळतंय.

११ जानेवारी, शुक्रवार

ही डायरी ह्यांनीच कचेरीतनं आणली. "चौथीपातूर शिकलीस, लिवायची सवय मोडू दिऊ नको," म्हणले. स्वतः वाचत न्हाईत. वाचायला येळ कुटं हाय.

हे कचेरीत शिपाई. मूळचे मैंदर्गीचे, म्हणून कानडी बी येतं, मराठी बी येतं, दोन्ही लिवता येतं. दिवाळीपासनं साहेब ह्यास्नी संगंच घिऊन फिरतो. सरहद्दीचं काय तरी काम निघालंय. काल जेवताना हे सांगत हुते. भाकरी ताटाच्या मधी उभी धरली आणि म्हणले, "हा ओढा. ह्या बाजूचा फौजदार ओढ्यापातूर येतो, त्या बाजूचा बी ओढ्यापातूर येतो. दारूवाला मधी पाण्यात पाय धुवत बसतो आणि दोघांस्नी हसतो."

"मग?"

"मग आता दोन्ही सरकारं एकत्र बसणार. एकच कागुद करणार. ह्या फौजदाराला तिकडं जाता येईल, त्याला हिकडं. कायदाच तसा करायचा म्हणत्यात. एकोणतीस तारखेला दोन्हीकडचे साहेब हितं सोलापुरात येणार. मैसूरचे."

मी म्हणलं, "मैसूर न्हाय, आता कर्नाटक म्हणायचं, तुमीच सांगितलं."

हे हसले. लई दिसांनी माझ्याकडं बगून हसले. मग मी म्हणलं, "आठ भाकरी कुणाला लागत्यात?" तसं हसू गेलं. म्हणले, "साहेबाचं काम हाय. बोलायचं न्हाय असं सांगितलंय. तू बी इचारू नको."

साहेब माझ्या हातची भाकरी खातो व्हय?

१३ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या जत्रेला गेलो. गर्दी लई. संगीला पाळण्यात बसवलं तर रडून गोंधळ. ह्यांनी तिला भोंगा घिऊन दिला. मला बांगड्या भरल्या. मी मनात म्हणलं, उगाच येड्यावानी संशय घेतला.

मग एका दुकानापुढं उभं राहून हे कानडीत बोलाय लागले. दुकानदार अक्कलकोटकडला. काय बोलले द्येवाला ठाव, पर दोघं पोट धरून हसले. मी बाजूला उभी. माझं माहेर बार्शी, आमच्यात घरात मराठीच. लगीन झालं तवा सासूबाई कानडी बोलायच्या आणि मी नुसती मान हलवायची. त्या गेल्या, तवापासनं घरात कानडी न्हाय. हे माझ्यासंगं मराठीत बोलत्यात, ते बी कामापुरतं. मीठ कमी हाय. दूध आलं का. हसायचं ते कानडीत.

तिला कानडी येत असणार.

१५ जानेवारी, मंगळवार

आज तर हद्द झाली. पेटी उगडली, चादर न्हाय. लग्नात शरणप्पादादानं दिलेली, लाल, मोरांची. अजून घडी मोडली नव्हती. संगीच्या बाळंतपणात बी काढली न्हाय.

इचारलं तर खाली मान घालून म्हणत्यात, "थंडी लई हाय गं. एका गरिबाला दिली. महिन्याभरात परत येईल."

"माझ्या रुखवताची चादर? माझ्या भावाची?"

"चुकलं. तुला इचारायला पायजे हुतं."

चुकलं म्हणले, पर आणतो म्हणले न्हाईत.

शेजारच्या निंगव्वाला सांगितलं. न सांगून करू काय. भिंतीला भिंत लागून घर, तिला आवाज गेलाच हुता. तिचा नवरा गिरणीत, आणि भाऊ कल्लप्पा तिच्यातच असतो. त्याचा ट्रक हाय. दारात सदा चाकाच्या ट्यूबा वाळत घातलेल्या. एका ट्रकाला इतक्या ट्यूबा कशाला लागत्यात कुणास ठाव. पैसा मातुर बरा मिळतो, निंगव्वानं दिवाळीत पाटल्या केल्या.

निंगव्वा म्हणली, "शिवक्का, आग असल्याबिगर धूर निघत न्हाय. कानडी बाई असंल. मराठी बायकू भाकरी थापायला, कानडी बोलायला!" आणि हसली. मला रडू आलं तसं जवळ घेतलं. म्हणली, "कुटं ठेवलीय ते बग आदी. मला सांग. मी हाय की."

निंगव्वा हाय म्हणून बरं हाय.

१८ जानेवारी, शुक्रवार

संगीला ताप हुता तीन दिस. आता उतरला. हे दोन रात्री बसून हुते तिच्यापाशी. माझ्या कपाळावर हात ठिवून म्हणले, "तू झोप." मला वाटलं सगळं सांगून टाकावं, की मी जळती, मला भ्या वाटतं, तुमी गेला तर ह्या पोरीला घिऊन मी कुटं जाऊ. तोंड उगडलं न्हाय.

सकाळी उठून म्हणत्यात, "आठ बांध."

२१ जानेवारी, सोमवार

आज पाठीमागं गेली. संगीला कडंवर घेतलं आणि कचेरीच्या समूर लिंबाखाली उभी राहिली. दुपारच्या सुट्टीत हे निघाले, हातात फडकं. सरळ साखर पेठेत. तितं समद्या पद्मशाली लोकांची घरं, मागांचा खडखडाट, तेलुगू बोलणारी माणसं. मधी वळून बगत हुते. चोरावानी. एका माग-घराच्या बाजूनं लाकडी जिना हाय, तितं वर गेले. मी पाणपोईच्या आड उभी. घटकाभरानं खाली आले. वरच्या खिडकीत एक हात दिसला. बाईचा हात. बांगड्या दिसल्या न्हाईत, लांब हुतं.

घरी येताना संगी भोंगा वाजवत हुती, तिला एक चापट मारली. मग मीच रडली. पोरीनं काय केलंय.

निंगव्वाला जागा सांगितली. तिनं खोदून इचारलं, जिना कुटल्या बाजूला, खाली कोण असतं. मग म्हणली, "उद्या न्हाय, परवा जाऊ. तुझा ईश्वरप्पा परवा साहेबासंगं अक्कलकोटला जाणार न्हवं?"

मी म्हणलं, "जाऊन काय करायचं? दार उगडंल व्हय ती?"

निंगव्वा म्हणली, "दिस कुटले चालल्यात? हळदीकुंकवाचे. बोलावणं करायला जायाचं. करंडा घिऊन दारात उभं राहिलं तर सवाष्ण दार लावून घेती व्हय?"

खरंच की. आणि बोलावणं एकटीनं करत न्हाईत, दोघी लागत्यात. निंगव्वा येणार.

२३ जानेवारी, बुधवार

गेलो. सगळं लिवून काढती, न्हायतर डोकं फुटंल.

मी हिरवं लुगडं नेसली, ह्यांनी पहिल्या दिवाळीला आणलेलं. तिनं बगावं म्हणून. संगीला काजळ घातलं. हातात करंडा. खाली माग-घराची मालकीण कांड्या भरत बसली हुती, करंडा बगितला आणि हसून वर हात केला. कुणीच अडवलं न्हाय. हळदीकुंकवाला कोण अडवतंय.

दार वाजवलं. आतनं काय आवाज न्हाय. निंगव्वानं कानडीत हाक मारली, लई गोड आवाजात. मग कडी निघाली.

मी मनात चेहरा धरला हुता. गोरी, तरणी, डोळ्यात काजळ. दारात उभी हुती ती चाळिशीची बाई. वाळकी. हात मोकळे, गळा मोकळा. मी कुंकवाचं बोट पुढं केलं, आणि ती दोन पावलं मागं सरली, भिंतीला टेकली. कपाळ पांढरं. नुसता इभूतीचा पट्टा.

माझा हात तसाच राहिला. इधवा बाईच्या दारात मी कुंकू घिऊन गेली. पाप झालं असं वाटलं. आणि मग आत बगितलं तर बाजेवर माझी चादर. मोर वर करून अंथरलेली.

मग मला काय दिसंना. इधवा हाय म्हणून काय झालं.

निंगव्वा तिच्यासंगं बोलाय लागली. बोलाय लागली ती थांबंना. त्या बाईचा चेहरा उमलला, महिन्याभरात कुणी बाई तिच्याशी तिच्या बोलीत बोलली नसावी असा. निंगव्वाचा हात धरला. रडली बी. मला त्यातलं कळलं ते इतकंच : अक्कम्मा, हे तिचं नाव. आणि एक 'इप्पत्तोंबत्तु', म्हंजे एकोणतीस, तेवढं बाजारात ऐकून ठाव हाय. आणि 'अण्णा, अण्णा' करत फडक्याकडं हात करत हुती.

जिना उतरताना मी इचारलं, "काय म्हणली?"

निंगव्वा म्हणली, "काय म्हणणार? ईश्वरप्पा माझ्यासाठी समदं सोडंल म्हणती."

"अण्णा का म्हणत हुती मग?"

"जगाला दाखवायला, खुळे. समद्या तसंच म्हणत्यात."

निघताना त्या बाईनं संगीच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. संगी तिच्याकडं झेपावली. माझी पोर बी.

२५ जानेवारी, शुक्रवार

कल्लप्पा दारात आला हुता. कवा बोलत न्हाय, आज पेढ्याचा पुडा घिऊन आला. "वैनी, तुमचं घर सुखी राहू द्या. तुमचं दुखणं मी काढतो. ती बाई हितनं जाईल, तिच्या गावाला पोचवू. ईश्वरप्पाला बोलू नका पर."

मी म्हणलं, "तिला काय करू नका."

"कशाला करतोय? गाडी तिकडं जातीच की रोज."

पेढे चांगले हायेत. एक संगीला दिला. मी खाल्ला न्हाय, तरी बरं वाटलं. ती जाईल. मग आठ भाकरी न्हाईत. घरमालकीण सावित्रम्मा अंगणातनं म्हणली, "यव्वा, त्या कल्लप्पाचं खाऊ नको." तिचं आणि त्याचं भाड्यावरनं कवाचं वाकडं हाय. मी लक्ष दिलं न्हाय.

२६ जानेवारी, शनिवार

सकाळी झेंड्याला जाऊन आले हे. खुशीत हुते. संगीच्या फ्रॉकाला कागदाचा झेंडा टाचला. म्हणले, "शिवा, तीन दिस राहिले. एकोणतीसला काम उरकलं की तुला समदं सांगतो. तुला ठाव न्हाय, तुझ्यापासनं लपवताना माझा जीव कसा व्हतोय. तू जेवढ्या भाकरी केल्यास ना, तेवढं पुण्य हाय तुला."

पुण्य.

मला वाटलं आता सांगावं, की मी जाऊन आली. कल्लप्पा तिला न्हेणार हाय. ओठापातूर आलं. मग मनात आलं, सांगितलं तर हे तिला दुसरीकडं ठेवतील. मग कायमचंच.

आठ भाकरी बांधून हातात दिल्या.

२७ जानेवारी, रविवार

हे दुपारी भाकरी घिऊन गेले ते पळतच आले. तोंड पांढरंफटक. दारातच इचारलं, "शिवा, साखर पेठेत कोण गेलं हुतं?"

मी म्हणलं, "मला काय ठाव?"

"खोली रिकामी हाय. सकाळी ट्रक आला. माग-घरची मालकीण सांगती, बुधवारी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला दोन बायका आल्या हुत्या. त्यातलीच एक आज आली, कानडी बोलणारी. ईश्वरप्पानं बोलावलंय म्हणली. अक्कम्मा इस्वासानं गेली तिच्यासंगं. दुसरी कोण हुती? हिरवं लुगडं म्हणती, कडंवर पोर."

माझं लुगडं दोरीवर वाळत हुतं. ह्यांनी तिकडं बगितलं न्हाय. बगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी परत म्हणलं, "मला ठाव न्हाय."

तवा हे भुईवर बसले आणि समदं सांगितलं. तिचं गाव ओढ्याच्या पलीकडं. कार्तिकात तितं स्पिरिटची दारू पिऊन अकरा माणसं मेली, त्यात तिचा दादला. दारू कोण आणतं, कुटनं आणतं, ट्रक कुणाचा, तिनं डोळ्यानं बगितलेलं. बाकी समदी भिऊन गप. ठाण्यात बी दोन तोंडाची माणसं, म्हणून साहेबानं तिला हितं लपवली, आणि कानडी येतं म्हणून ह्यास्नी नेमलं. एकोणतीसला दोन्ही सरकारांपुढं ती बोलली की एकच खटला उभा राहणार हुता. तिच्या एकटीच्या जिभेवर.

मी म्हणलं, "ट्रकात दारू दिसत न्हाय व्हय?"

"ट्यूबात भरत्यात, येडे! चाकाच्या ट्यूबात!"

माझ्या डोळ्यापुढं निंगव्वाचं दार आलं.

"ती मला अण्णा म्हणायची," हे म्हणले. "एक दिस माझं फाटकं फडकं बगून म्हणली, माझी वैनी लेकुरवाळी हाय, तिला येळ नसंल, दे मी शिवते."

आणि हे उठले, ते चप्पल न घालताच पळाले. मी तोंड उगडून हाक मारली, पर हाक मारायला त्यास्नी नावानं कवा बोलावलंय? 'अहो' म्हणलं. गल्लीत चार बाप्यांनी वळून बगितलं. हे वळले न्हाईत.

२८ जानेवारी, सोमवार, दुपार

हे आले न्हाईत. साहेबासंगं जीपनं सरहद्दीकडं गेले म्हणून कचेरीतला एक शिपाई सांगून गेला. ती सापडली का, म्हणलं तर त्यानं न्हाय म्हणून मान हलवली.

निंगव्वाच्या दाराला कुलूप. ट्यूबा न्हाईत. समूरच्या चहाच्या दुकानात दोन माणसं सकाळपासनं बसल्यात. चहा पीत न्हाईत. माझ्या दाराकडं बगत्यात. पाणी भरायला गेली तर एक मागनं आला आणि म्हणला, "वैनी, पेढे गोड लागले न्हवं? तोंड गोडच ठेवा."

मला लई भ्या वाटतंय.

पर मी इचार केला. ती न्हाय तर उद्या साहेबांपुढं कोण बोलणार? निंगव्वाला तिच्या दारापातूर कोण घिऊन गेलं ते मला ठाव. कल्लप्पा माझ्या दारात उभं राहून काय म्हणला ते मी ऐकलंय. ट्यूबा मी मोजायच्या म्हणल्या तरी मोजता येत नव्हत्या इतक्या बगितल्यात. मी बोलीन. मला कानडी येत न्हाय, मराठीत बोलीन. पहिलं हे सांगीन की मीच तिला दाखवून दिली. ह्यांच्या समूर सांगायला लागंल. मग हे माझ्याकडं कसं बगतील ते मला ठाव हाय.

खरं लिवायचं तर अजून पोटात जळतंय. तिच्यासाठी हे अनवाणी पळाले. आज मी मागच्या दारानं निघून कचेरीत जाती, आणि वाटेत माझं काय झालं तर माझ्यासाठी बी पळतील का, हे मनात येतं. असलं मनात आणायचं दिस हायेत व्हय हे? तरी येतं.

संगीला सावित्रम्माकडं ठेवती. तिला लिवायवाचायला येत न्हाय, म्हणून ही डायरी संगीच्या कपड्यांच्या गाठोड्यात घालती. तोंडानं तिला सांगून जाती, हे कुणातरी शिकल्या माणसाकडनं वाचून घे. चहाच्या दुकानातल्या माणसाकडनं न्हाय.

जो कुणी वाचंल त्याला हात जोडून सांगती. सांजपातूर मी परत आली न्हाय तर पोष्टात जाऊन बार्शीला ट्रंककॉल लावा. मारुतीच्या देवळापाशी भुसार आडतीचं दुकान हाय, नंबर एकशे त्र्याहत्तर. फोन मालक उचलतो, त्याला म्हणावं शरणप्पाला बोलवा, आत पोती लावत असतो. त्याला सांगा, शिवाची पोर सोलापुरात हाय, आजची मोटार धरून ये. माझं इचारलं तर चूक केली म्हणून सांगा, आणि ती निस्तरायला गेली म्हणून सांगा. दादा रडंल, त्याला रडू द्या, फोन ठेवू नका. त्याला घराचा पत्ता नीट सांगा. बाळी वेस, सावित्रम्माचं घर.